बिघडवलेला सदरा आणि अठ्ठ्याऐंशी मार्क

मी चौथीतून शाळा सोडली, पण नापास होऊन नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण नेकनूरमध्ये माझ्या वयाची जी दोन-चार माणसं उरलीत ती पारावर बसून उलटं सांगतात. परीक्षेच्या तोंडावर बापानं माझं दप्तर खुंटीला अडकवलं, मला हाताला धरून पेठेत नेलं आणि करीम उस्तादांच्या दुकानात बसवलं. त्यामुळं मी पास की नापास, हे कधी ठरलंच नाही. उभा जन्म ते तसंच लोंबकळत राहिलं आणि म्हातारपणी ठरायची वेळ आली तेव्हा त्याच्यासाठी मला भांडावं लागलं. लोक पास होण्यासाठी भांडतात. मी नापास होण्यासाठी भांडलो. ते कशापायी, हे मी माझ्या हातानं लिहिणार आहे. गावातल्या अर्ध्या लोकांना अजून वाटतं की अप्पा टेलरचं डोकं फिरलं होतं.

उस्तादांचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, तीन मशिनी आणि कापड बेतायची एक लांब फळी. समोरच बापाचं किराणा दुकान. तिथं गल्ल्यावर बसायला मोठा भाऊ होता, म्हणून धाकट्याच्या हाताला काहीतरी कसब असावं असं बापाला वाटलं. दिवसभर पायांखाली मशिनीची खडखड चालायची, मधूनच उस्ताद इस्त्रीतल्या कोळशावर फुंकर मारायचे, आणि बाजाराच्या दिवशी बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज इतका व्हायचा की उस्ताद काय बोलले ते ओठांवरून ओळखावं लागायचं. माझ्या गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. पहिले काही दिवस आईनं बजावलं होतं की तिथलं पाणीसुद्धा पिऊ नको. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून न्यायचो. दुपारपर्यंत भाकरी पापडासारखी व्हायची. उस्तादांच्या घरच्या चाचींनी ते बघितलं. त्यांनी माझ्यासाठी एक लहान पातेली वेगळी काढली आणि तिच्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा सोडून जन्मात काही शिजवलं नाही. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, मी घरी बोललो नाही. आईनं मात्र एक दिवस माझा सदरा धुवायला घेतला, नाकाला लावला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात चाचींसाठी गुळाची ढेप दिली. पाण्याचा विषय पुन्हा घरात निघाला नाही.

उस्तादांचा एक नियम होता. शिकाऊ पोरानं कपडा बिघडवला तर गिऱ्हाइकाला कापड उस्ताद भरून देणार, पण बिघडलेला कपडा त्या पोरानं अंगावर घालून पेठेतून हिंडायचं. तो फाटेपर्यंत. मी पहिला सदरा शिवला तो शाळेतल्या गुरुजींचा. उजवी बाही डावीकडं आणि डावी उजवीकडं लावली. हात वर केला की सगळा सदरा गळ्याशी यायचा. उस्तादांनी तो झटकला, माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "जो बिगाड्या, वोच पहनेगा." मी तो सदरा घालून बापाच्या दुकानासमोरून गेलो, शाळेसमोरून गेलो, आणि ज्या गुरुजींचा तो होता त्यांना नमस्कारसुद्धा घातला, अर्ध्यावर आलेल्या हातानं. पोरं हसली. पण गंमत अशी की उस्तादांच्या मशिनीच्या वर एका खिळ्याला एक जुना सदरा टांगलेला असायचा, वाकड्या कॉलरचा. तो त्यांचा स्वतःचा, त्यांच्या शिकाऊपणातला. तो बघितला की हसणाऱ्यांचं काही वाटायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं सांगतोय. शिकवताना उस्तादांनी माझ्या हातावर कधी हात ठेवला नाही. शिवण वाकडी चालली तर ते मागं उभे राहायचे, दोन्ही हात पाठीशी बांधायचे आणि खाकरायचे. फार झालं तर तोंडानं सांगायचे. एकदा मी रडकुंडीला येऊन म्हणालो, तुम्हीच करून दाखवा. तर म्हणाले, "हात तेरा, गलती तेरी. मैं कर्‍या तो मेरी होगी." त्या वयात राग आला होता. आज त्या माणसाची आठवण आली की मी बसल्या जागी नीट बसतो.

आता इथून मोठी उडी मारतो, कारण मधलं सगळं कपडे शिवण्यात गेलं आणि ते इतर ठिकाणी लिहिलंय. माझा एकुलता मुलगा महादेव पाटबंधारे खात्यात कारकून होता. तो गेला. त्याबद्दल मी लिहिणार नाही. त्याच्या जागेवर त्याच्या बायकोला, आमच्या सुरेखाला, नोकरी मिळाली. अट एकच, ठरलेल्या मुदतीत कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आणायचं, नाहीतर जागा गेली. घरात मी, माझी बायको म्हणजे म्हातारी, सुरेखा आणि तिच्या दोन पोरी. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि गावात रेडिमेडची दुकानं, म्हणजे मशिनीवर नुसती धूळ. चूल सुरेखाच्या पगारावर पेटत होती आणि तो पगार त्या सर्टिफिकेटावर टांगलेला होता.

बीडला एका कॉलेजच्या मागच्या बाजूला सर्वसामान्यांसाठी म्हणून कॉलेजचंच कॉम्प्युटरचं सेंटर चालायचं. शिकवायचं तिथंच आणि परीक्षाही तिथंच. सुरेखा हापिस सुटलं की तिकडं जायची आणि शेवटच्या एसटीनं नेकनूरला यायची. पहिल्या आठवड्यातच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. आमच्या घरात कोणाच्या मनात काय आहे ते भाकरीच्या आवाजावरून कळतं. सुरेखा खुशीत असली की थापायचा आवाज एका लयीत येतो. त्या आठवड्यात परातीवर नुसते धपाटे पडत होते. म्हातारीनं विचारलं तेव्हा बोलली. म्हणाली, "काय शिकवतेत आत्या? मी माऊसला हात लावला की सर मागून येऊन म्हणतेत, हात काढा. काढला की स्वतःच खटखट करतेत आन म्हणतेत, झालं, कळलं ना?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो. दारात चपला काढायच्या, देवळात काढतात तशा. मी काढल्या. तर सर म्हणाले, आत फक्त विद्यार्थ्यांना सोडतो, आजोबा बाहेर बसा. हे सर चाळिशीचे असतील, अंगाला अत्तर, हातात दोन मोबाइल. मी म्हणालो, मग मला विद्यार्थी करा. ते इतके हसले की आतली माणसं वळून बघायला लागली. मी फी भरली. अर्जावर शिक्षण काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हणालो, चौथी, परीक्षेला बसलो नाही, असं लिहा. त्यांनी चौथी पास लिहिलं. बघा, खोटं तेव्हापासूनच.

आत काय बघितलं ते सांगतो. एका रांगेत बाया बसलेल्या, कोणी अंगणवाडीतली, कोणी नोकरीच्या आशेवरची लेकुरवाळी, कोणी सुरेखासारखी. दोन-चार पुरुष. सर मागून फिरायचे. त्यांच्या मोज्यांचा आवाज व्हायचा नाही, पण अत्तराचा वास यायचा, आणि तो वास आला की त्या बायांचे हात माऊसवरून आपोआप मांडीवर पडायचे. एकापाठोपाठ एक. म्हणायचीही गरज उरली नव्हती. मी जन्मभर हातांवर जगलोय. कोणाचा हात कशाला भितो ते मला कळतं.

माझं स्वतःचं म्हणाल तर तो माऊस मला अजिबात जुमानत नव्हता. बाण पडद्याच्या कडेला जाऊन लपायचा आणि माऊस टेबलावरून खाली पडायचा. सर आले, म्हणाले, हात काढा. मी म्हणालो, "सर, तुमी तोंडानं सांगा. हात माझा राहू द्या."

"अप्पा, तेवढा टाइम कुणाकडं हाय? तुमाला सर्टिफिकेटाशी मतलब ना?"

"न्हाई. मला शिकण्याशी मतलब हाय. फी त्याची भरलीय."

रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं. सर पुढं गेले आणि माझ्याकडं पुन्हा फिरकले नाहीत. हे शिक्षा म्हणून होतं, पण माझ्या दृष्टीनं बरंच झालं. सुरेखाही त्या दिवसापासून हात काढेना. चुकली तर चुकली. हापिसातल्या एका बाईकडून दुपारच्या सुट्टीत विचारून यायची आणि संध्याकाळी आम्ही दोघं शेजारी बसून तेच गिरवायचो.

परीक्षेच्या दिवशी मात्र कहर झाला. एक पत्र टाइप करायचं, एक तक्ता करून बेरीज काढायची, काही चित्रांची पानं बनवायची, आणि प्रश्न. वेळ सुरू झाली आणि सर रांगेच्या पहिल्या टोकाला बसले. हात काढा. त्या बाईचा पेपर स्वतः सोडवला, मग पुढची खुर्ची. जणू गिरणीवर दळण टाकताहेत. लोक खूश होते हेही सांगतो. कोणाला घरी लेकरू, कोणाला गाडी गाठायची. सुरेखापाशी आले तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ठेव हात. तिनं ठेवला. सर म्हणाले, बाई, नोकरीचा सवाल हाय तुमचा, मग मला म्हणू नका. तिची बोटं माऊसवरून उठली नाहीत, आणि सर पुढच्या खुर्चीकडं गेले. माझं पत्र झालं, तक्ता अर्धा झाला आणि बेरीज काही केल्या येईना. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, मोतीबिंदूचं. चित्रांच्या पानांना मी हात लावलेला नव्हता. मी उठलो आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन व्हरांड्यात बसलो. मला माहीत होतं की मी नापास आहे. खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. शाळेत जे राहून गेलं होतं ते एकदाचं झालं, असं वाटलं.

निकाल आला. सुरेखाला एकसष्ट. मला अठ्ठ्याऐंशी.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, अप्पा, तुमी उठून गेलात, आमी संभाळून घेतलं, पेढे पाठवा. म्हातारी दाराशी उभी होती, तिला वाटलं मला काही झालं. मी तिला म्हणालो, कोणी विचारलं तर निकाल आला नाही म्हणून सांग. पण आठ दिवसांत सांगायची गरजच राहिली नाही. नेकनूरच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. आमच्याकडं पोरगं पोलीस भरतीच्या मैदानावर नुसतं धावून आलं तरी फ्लेक्स लागतो, त्यामुळं आधी मी बघितलंसुद्धा नाही. मग लोकांनी दाखवलं. सेंटरचं नाव, हार्दिक अभिनंदन, वय सत्तर, गुण अठ्ठ्याऐंशी, जिद्दीला सलाम, आजच प्रवेश घ्या. आणि मध्ये मी. माझं डोकं कोणाच्या तरी सुटाबुटातल्या धडावर चिकटवलेलं. मी जन्मभर कोट शिवले, एकदाही घातला नाही. आणि ज्या कोटात मला घातलं होतं त्याची कॉलर मानेपासून बोटभर उठलेली. असला कोट माझ्या दुकानातून गेला असता तर मी तो स्वतः घालून बाजारात हिंडलो असतो.

लोक हात जोडायला लागले. नांदूरघाटहून एक माणूस आपल्या पोरीला घेऊन आला, म्हणाला, अप्पा, तुमचा फोटो बघून हिचं नाव तिथंच घालतोय. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण खरा घाव दुसरीकडं बसला होता आणि तो मला उशिरा कळला. सुरेखाच्या हापिसात चेष्टा सुरू झाली होती. चौथीतल्या सासऱ्याला अठ्ठ्याऐंशी पडतात, मग सुनेचा पेपर कोणी लिहिला असेल? एकानं तिला तोंडावर विचारलं की सरांनी तुमचे मार्क मुद्दाम कमी ठेवले का, शंका येऊ नये म्हणून? ती घरी काही बोलली नाही. परात बोलली.

सकाळी मी कपाटातून उस्तादांनी दिलेली मोठी कात्री काढली. स्टँडवर गेलो, पानटपरीवाल्याचं स्टूल मागितलं. तो म्हणाला, "अप्पा, काय करताव सकाळसकाळी?" मी म्हणालो, माझं तोंड परत घेतोय. मी फ्लेक्समधून माझं डोकं कापून काढलं. नीट, गोल, कडेनं, खांद्याला धक्का न लावता. खाली नुसता कोट उरला. मग तो तोंडाचा तुकडा घडी करून खिशात घातला आणि एसटीत बसलो. सुरेखा त्याच गाडीनं हापिसला निघाली होती. बीडला उतरल्यावर ती हापिसकडं न वळता माझ्यामागं कॉलेजात आली.

सर म्हणाले, अप्पा, तुमी माझी इज्जत काढली. मी म्हणालो, मला नापास करा. ते म्हणाले, "आवं, पास झालेल्या माणसाला नापास करायची सोयच न्हाई त्या कॉम्प्युटरात. एकदा गेलं ते गेलं." हे ऐकून माझा तोल गेला. साठ वर्षांपूर्वी एका पत्र्याच्या दुकानात ती सोय होती. तुमच्या एवढ्या यंत्रात नाही?

मी थेट प्राचार्य मॅडमकडं गेलो. त्यांच्यासमोर माझ्या तोंडाचा तुकडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, अप्पा, तक्रार लेखी दिली तर मला सगळ्या बॅचची परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल, बाहेरची माणसं बोलवून. एकट्या तुमची नाही. तुमच्या सुनेचं सर्टिफिकेटही तोवर थांबेल. तिची मुदत किती राहिलीय?

मुदत संपतच आली होती. पुन्हा परीक्षेत ती घसरली तर तिसरी संधी नव्हती. भांडायला मी आलो होतो, पण पणाला तिची नोकरी लागली होती आणि तिच्या पोरींचं ताट. मी माझ्या म्हातारपणाचा हट्ट कोणाच्या चुलीवर शिजवत होतो? मी टेबलावरचा तुकडा उचलायला हात पुढं केला.

सुरेखानं तो तुकडा दाबून धरला. म्हणाली, "मॅडम, घ्या परीक्षा. एकसष्ट माझेच होते, परत येतील तेवढे येतील. हापिसात लोक माझ्या तोंडाकडं बघतेत आन मामाचे अठ्ठ्याऐंशी मोजतेत. असली नोकरी मी किती वर्षं करू?" मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामा, अर्ज लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

अर्ज मी लिहिला. बॅचमधल्या काही बायांनी मला शिव्या घातल्या, आमचं आयतं झालेलं घालवलं म्हणाल्या. एकीनं आमच्या दारात येऊन म्हातारीला ऐकवलं. त्यांचा राग मी समजू शकतो, पण तो चुकीच्या दारात आला होता, एवढंच म्हणेन. सर रजेवर गेले. परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्या खोलीत बसायचो. सुरेखाचं झालं की ती माझ्या खुर्चीमागं उभी राहायची. "मामा, डावं बटन. न्हाई, ते उजवं. डावं." माझा बाण कडेला जाऊन लपला तरी ती वाट बघायची. एकदा मी वळून बघितलं. तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले होते, पदरात गुंडाळून. करीम उस्तादांना तिनं कधी बघितलेलं नाही. ते तिच्या जन्माआधीच गेले. मी पुन्हा पडद्याकडं वळलो, आणि थोडा वेळ मला पडदा दिसला नाही. त्यात मोतीबिंदूचा वाटा किती, हे मी सांगणार नाही.

परीक्षा झाली. मागं कोणी फिरलं नाही, अत्तराचा वास आला नाही. बायांचे हात माऊसवर होते. त्यातल्या बऱ्याच जणी पास झाल्या आणि त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. सुरेखाला अडुसष्ट पडले. तिनं ते सर्टिफिकेट साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि ज्यानं तिला तोंडावर विचारलं होतं त्याला म्हणाली, बसा माझ्या खुर्चीत, एक तक्ता करून दाखवा. तो बसला नाही. मला चौतीस पडले. बेरीज या वेळी आली होती, चित्रांची पानं पुन्हा राहिली.

माझ्या दुकानात उस्तादांचा तो खिळा आहे. त्यांचं दुकान मोडलं तेव्हा मी भिंतीतून उपटून आणला होता आणि माझ्या मशिनीच्या वर ठोकला होता. इतकी वर्षं त्याला मोजायची टेप टांगलेली असायची. आता तिथं माझा निकाल टांगलाय. कागद अंगावर घालता येत नाही, नाहीतर तोही घालून पेठेतून हिंडलो असतो. चेन बसवायला किंवा फाटलं शिवायला कोणी आलं की हटकून मान वर करतं आणि विचारतं, अप्पा, हे कसलं सर्टिफिकेट?

मी मशीन थांबवतो. "सर्टिफिकेट न्हाई. नापास हाय. पण माझा हाय."